बाजरीला पाझरलेला मध

कडूबाचा पुंजाराम, पुंजारामाचा भारत आणि भारताची साक्षी. कडूबाने छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, पुंजारामाने गायरान फोडून शेत केले आणि भारताने त्या शेताच्या जिवावर लेकीला पिकांच्या रोगांवर संशोधन करण्याइतके शिकवले. अशा घरची ही लेक सुटीसाठी केदारखेड्यात उतरली, तेव्हा उषाबाईंच्या बाजरीत अवघा गाव लोटला होता.

थोरली कणसे पिकून वाकली होती, त्यांत मधूनमधून काळे दाणे दिसत होते. फुटव्यांच्या कोवळ्या कणसांवरून मात्र गुलाबी, चिकट थेंब ओघळत होते. बायका ते बोटाने टिपून कपाळाला लावत होत्या. बांधावर मधुगिरी महाराज कमंडलू घेऊन उभे होते.

"आईनं मधाची घागर पालथी केली! ज्याची नियत साफ, त्याच्याच कणसाला पाझर. अन् हा काळा दाणा? आईच्या डोळ्यातलं काजळ! वेचून फेकाल तर आई आंधळी व्हईन. खर्चा काहीच न्हाई. एक नारळ, अन् नारळाखाली खुशीनं जे ठेवाल ते."

आईचे काजळ फुकट होते; नारळाखालची जागा तेवढी रिकामी चालत नसे.

"महाराज, हा मध नाही," साक्षी म्हणाली. "ही बुरशी आहे. अरगट म्हणतात हिला. काळा दाणा विषारी असतो."

"तुझ्या बुरशीनं कोणाला मध देल्ता का, शहाणे? मी तीर्थ शिंपडतो अन् आठव्या दिवशी कणीस पाझरतं. बराबर का न्हाई रे?"

"बराबर!" गाव गरजला. शेजारचा कचरू हसून म्हणाला, "भारतची पोरगी जल्दीच देवीपेक्षा मोठी झाली बघा."

साक्षीला बोचले ते वेगळेच. महाराज खोटे बोलत नव्हते. तीर्थ पडले की कणीस खरेच पाझरत होते. तिने हात जोडून ओंजळभर तीर्थ मागितले. महाराज खुलले. घरी येऊन तिने अर्धे तीर्थ उकळून गार केले. भारतची उशिराची बाजरी फुलोऱ्यात होती. एका ओळीवर तिने कच्चे तीर्थ शिंपडले, दुसरीवर उकळलेले, आणि दोन्हींना कागदी पिशव्या बांधल्या. आठव्या दिवशी त्या सगळ्यांसमोर सोडीन, असे तिने गावाला सांगितले.

संध्याकाळी ती उषाबाईंकडे गेली. "आजी, काळे दाणे काढल्याशिवाय ही बाजरी दळू नका."

"देवीचं काजळ काढून फेकू?" उषाबाई मायेने म्हणाल्या. "तुझी परीक्षा आठ दिवसांनी हाय ना? मंग तवर देवीवर सोड."

घटस्थापनेला नव्या धान्याची पहिली भाकर घरच्या लेकीला भरवायची, ही त्या घरची रीत. उषाबाईंनी पाच वर्षांच्या नातीला, आकांक्षाला, मांडीवर घेऊन ती भरवली.

रात्रीपासून पोर ओकू लागली. डोळे मिटू लागले, मान टिकेना. महाराजांनी दारातूनच निदान केले, "आईचा संचार हाय. पाणी पाजू नका, आई रुसंल." दुसरा दिवसही तसाच गेला. साक्षीला कळले तेव्हा तिने सगळ्यांशी भांडून पोर जीपमध्ये घातली. पोरीला मांडीवर घेऊन ती तिच्या ओठांवर पाण्याचे बोट टेकवत होती. ओठ हलत नव्हते. भोकरदनच्या दवाखान्याची पाटी दिसली, तेव्हा मांडीवरचा भार एकाएकी जड झाला.

आठव्या दिवशी गाव भारतच्या शेतात जमला. साक्षीने पिशव्या सोडल्या. कच्च्या तीर्थाची ओळ पाझरत होती. उकळलेल्या तीर्थाची ओळ कोरडी ठणठणीत होती.

"देवी उकळल्यावर मरते का, महाराज?" तिने विचारले. "बुरशीची बीजं मरतात. रोगट कणसाचे थेंब तुम्ही पाण्यात कालवता आणि दुसऱ्याच्या फुलोऱ्यावर शिंपडता. रोग पेरता, आणि त्यालाच चमत्कार म्हणता!"

महाराज काढता पाय घेऊ लागले. कचरूने त्यांची झोळी हिसकावली. आत गुलाबी पाण्याच्या बाटल्या निघाल्या. "अन् मी न्हाऊन-धुऊन नारळ घेऊन गेल्तो," तो पुटपुटला. कोणी हसले नाही. पोलिसांना फोन त्यानेच लावला.

मग उषाबाई पुढे आल्या. पदरात त्यांच्या घरची बाजरी होती. साक्षीने ती मिठाच्या दाट पाण्यात ओतली. निरोगी दाणे तळाशी गेले. काळे वर तरंगले.

"हेच," उषाबाई म्हणाल्या. "दरसाल दोन-चार निघायचे, म्या वेचून टाकायचे. औंदा न्हाई टाकले. भाकर म्याच भरवली, माय."

साक्षीने त्यांचा हात धरला. मग ती लोकांकडे वळली. "देव मानायचा तर माना. पण दाणा पारखून खा, आजारी लेकराला पाणी पाजा, दवाखान्यात न्या. आणि विचारणाऱ्याला हसू नका. मला आठ दिवस लागले. तुम्ही त्याच दिवशी थांबून विचार केला असता, तर पोर वाचली असती."

उषाबाईंनी अन्न सोडले. सून रडली, लेक पाया पडला. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी भारत निवडलेल्या, धुतलेल्या बाजरीची भाकर घेऊन आला. साक्षी उंबऱ्यात थांबली. बापाची आई बाळंतपणातच गेली, तेव्हा जातीबाहेरच्या लेकराला पाजते म्हणून गावाची बोलणी खात उषाबाईंनीच त्याला आपल्या लेकाबरोबर छातीशी धरले होते, हे तिला ठाऊक होते. हे ऋण फिटायचे नाही, असे म्हणतच पुंजारामाने डोळे मिटले होते.

भारतने आधी स्वतः एक घास खाल्ला. मग दुसरा मोडून त्यांच्या ओठांशी धरला.

"माय, तुम्ही पाजलं म्हणून मी जगलो. आता माझ्या हातचं खा."

उषाबाई भिंतीकडून त्याच्याकडे वळल्या. मग उषाबाईंनी तोंड उघडले. त्या रडत रडत चावत राहिल्या, आणि भारत एकेक घास मोडत राहिला. भाकर सरली तेव्हा त्यांनी त्याच्या केसांवर हात ठेवला.

"फिटलं रे बाबा," त्या म्हणाल्या. "समदं फिटलं."