आधी आपली गल्ली

मी बोलतोय. टेबलावरचा फोन. दचकू नका. आजवर जगानं माझ्यातून बोलून घेतलं, पण तुला काही म्हणायचंय का रे, असं कुणी विचारलं नाही. आता मीच तोंड उघडतो. पुढे ऐकायला कुणी असेल-नसेल.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. खोक्यातून निघालो तो बैरूतच्या या खोलीत, याच टेबलावर. साऱ्या लेबनॉनची वीज इथून हाकली जाते. समोरच्या भिंतीवर दिव्यांचा भला मोठा नकाशा आहे. कुठल्या केंद्रातून किती वीज येतेय ते त्यावर बघायचं, कुणाला द्यायची आणि कुणाची तोडायची ते ठरवायचं, आणि मला उचलून सबस्टेशनला हुकूम सोडायचा. वीज कमी पडली आणि कुणाची तोडायला क्षणभर उशीर झाला, तर सगळा देशच काळोखात जातो. असलं जोखमीचं काम इथला माणूस करतो.

पूर्वी काय थाट होता या माणसांचा! मुलगा वीजखात्याच्या या खोलीत आहे म्हटलं की मुलीचे बाप पुढचं काही विचारायचे नाहीत. सकाळी गरम मनाकीश रोटी यायची, तिच्यावरच्या झातर मसाल्याचा घमघमाट सुटायचा, कॉफीवर कॉफी व्हायची. माझ्या आकड्यांत झातर अडकलेला असायचा, पण मी कधी तक्रार केली नाही.

मग आमचं चलन, लिरा, कोसळलं. पगाराचा आकडा तोच राहिला, पण ज्यात घर चालायचं त्यात गाडीचं पेट्रोलही भागेना. माणसं गळू लागली. कुणी कतारला गेला, कुणी कॅनडाला. जाताना सगळे मला उचलून घरी फोन करायचे आणि रडायचे. शेवटी पाळ्या सांभाळायला दोघंच उरले, नझीह आणि म्हातारा तानूस. पेट्रोल वाचावं म्हणून एकदा आले की चार-चार दिवस इथंच मुक्काम ठोकायचे. कोपऱ्यात गादी, गादीखाली कांदे. मनाकीश कुठली, पावाला लबने, म्हणजे घट्ट दही, लावून खायचे, तेही मोजून.

नझीहची एक खोड होती. वीज कमी पडली की आधी स्वतःच्या भागाची तोडायचा.

तानूस चिडायचा. "अरे गाढवा, पाळीनं तोड ना! दर वेळी तुझीच गल्ली का?"

"लोकांनी बोट दाखवायला नको, काका. आधी आपली, मग दुसऱ्याची."

"बोट दाखवायला तू दिसणार आहेस का त्यांना अंधारात?"

नझीह हसायचा. मला मात्र हसू यायचं नाही, कारण त्याच्या गल्लीतला जनरेटरवाला अबू शिब्ली रोज माझ्यावर फोन करायचा. सरकारी वीज गेली की गल्लीला त्याचीच वीज घ्यावी लागते, आणि तो पैसे मागतो डॉलरमध्ये. म्हणजे बघा, नझीह आपली गल्ली जितकी तोडणार, तितकं नझीहचंच बिल फुगणार. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!

"काय साहेब," अबू शिब्ली लाडात यायचा, "आज किती तास जाणार? आधी कळलं तर डिझेल तेवढंच भरीन. तुमचं बिल माफ करतो, चला!"

नझीह मला दाणकन आपटायचा. त्या आपटण्यानं माझ्या कडेला चीर गेली, पण खरं सांगतो, ते आपटणं मला आवडायचं.

नझीहची बायको हियाम घरी शिवणकाम करायची. नवऱ्याचा पगार पेट्रोलात जायचा, चूल तिच्या मशीनवर पेटायची. जनरेटरचं बिल थकलं आणि अबू शिब्लीनं त्यांची तार काढून टाकली. तेव्हापासून सरकारी वीज असेल तेवढाच वेळ मशीन चालायचं. तिला लग्नाच्या झग्याचं काम मिळालं, तेव्हा केवढ्या आनंदात फोन केला होता तिनं! त्या पैशांत तार परत जोडून घेऊ म्हणाली.

झगा द्यायच्या दिवशी भर दुपारी एक वीजकेंद्र अचानक बंद पडलं. नकाशावर लाल दिवे पेटले. विचाराला वेळ नव्हता. नझीहनं मला उचललं आणि त्याच्या तोंडून सबस्टेशनचं नाव निघालं. त्याच्याच भागाचं. सवयच तशी पडली होती. देश वाचला. तानूसनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

थोड्या वेळानं मी वाजलो. हियाम होती.

"नझीह, झग्याची फक्त लेस राहिलीय. मुलगी दारात येऊन बसलीय. आज दुपारी वीज मिळायची पाळी आपलीच होती ना?"

"होती."

"मग?"

"एक केंद्र गेलं गं. कुणाची तरी तोडावीच लागणार होती."

"कुणाची तरी म्हणजे माझीच का? तासभर दे रे. एकच तास."

"आता नाही देता येत, हियाम. आत्ता जोडली तर सगळंच कोसळेल."

ती भांडेल असं मला वाटलं होतं. एरवी ती सोडायची थोडीच! लष्करच्या भाकऱ्या भाजतोस म्हणायची, दिव्याखाली अंधार म्हणायची. त्या दिवशी तिनं एवढंच म्हटलं, "बरं. तिला सांगते, अर्धा झगा घेऊन जा." आणि फोन ठेवला. नझीह मात्र मला कानाला धरून बसून राहिला. मला फार वाईट वाटलं हो. मी वायरीचा प्राणी, मी काय धीर देणार त्याला?

महिना संपला आणि नझीह गेला. तानूसनं विचारलं, "कतार की कॅनडा?" त्यानं गादी गुंडाळली, कांदे तेवढे तानूससाठी ठेवले.

परवा मी वाजलो. तानूसनं उचललं.

"अबू शिब्लींच्या जनरेटरवरून बोलतोय. आज आमच्या भागात किती तास जाणार?"

आवाज मी ओळखला. वर्षानुवर्षं ज्याचा श्वास माझ्यावर पडला, त्याचा आवाज नाही ओळखणार? तानूसनंही ओळखला. मला वाटलं, आता हा मला दाणकन आपटेल. आपट रे बाबा, आपट!

"दोन ते सहा," तानूस म्हणाला. मग हळूच, "काय करतोस तिथं?"

"घरोघरी मीटर बघतो. पावत्या फाडतो."

"पगार?"

"डॉलरमध्ये. वेळेवर देतो. आमची तारही जोडून दिलीय. हियामचं मशीन चालतंय." थोडं थांबून म्हणाला, "रागावलास का, काका?"

तानूसनं नकाशाकडे पाहिलं. चार लाल दिवे पेटलेले होते.

"रागावू कशाला, पोरा? तिथं आणखी एक माणूस लागतो का रे?"



"उद्या विचारून सांगतो," नझीह म्हणाला.

तर वाचकहो, उद्या मी वाजेन. काम मिळालं तर तानूसही जाईल, त्याला दोष कोण देणार? त्यानंतर केंद्र बंद पडलं तरी मी वाजेन, गळा फाटेस्तोवर वाजेन. तुमच्यापैकी कुणाची वर ओळख असेल तर एवढं कळवा, की मला उचलणाऱ्या माणसाला पोट आहे. माझ्यावरून तानूसनं वरच्या साहेबांना कितीदा फोन लावला. तिकडे कुणी उचलतच नाही.