जुन्या पलटणीची धून

मित्रांनो, फ्रान्समधल्या सेव्हेनच्या डोंगरात चेस्टनट वाळवायची एक खोपी आहे. तिथे खिळ्याला टांगलेला, पोचा पडलेला पितळी बिगुल म्हणजे मी. लोक विचारतात, "पडला होता का हा?" मी पडलो नाही. मला दगडावर आपटलं होतं. का, तेच सांगतो.

पॅरिसच्या एका कारखान्यात माझा पत्रा कापला, सांधला आणि पोटात वितळलेलं शिसं ओतून मला वाकवलं. मग मी हलक्या पायदळाच्या एका पलटणीत आलो. हलकं म्हणजे कमी दर्जाचं नव्हे हं! सगळ्यांच्या पुढे पळायचं, झाडाझुडपांआड पांगायचं, गोळी घालायची, हे आमचं काम. साध्या पलटणींची बटणं पिवळी आणि आमची पांढरी, वर शिकारी शिंग कोरलेलं. त्या बटणांचा आम्हाला केवढा तोरा होता!

मला वाजवायचा सिप्रियाँ रुकेत. याच डोंगरातला, रुंद छातीचा, अबोल माणूस. आफ्रिकेतल्या स्वारीत मी त्याच्या ओठांना लागलो की आमचे लोक गावात घुसत. धान्याची पेवं पेटत, पळणाऱ्यांच्या पाठीत संगिनी जात. एकदा एक बाई चुलीतलं जळतं लाकूड घेऊन धावून आली, तिलाही सोडलं नाही. मला शाबासकी मिळे आणि राखेनं घासून चकचकीत ठेवत. त्या शाबासकीची मला आज लाज वाटते.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. रणात अनेक पलटणींचे बिगुल एकदम वाजतात. म्हणून हुकमाच्या आधी प्रत्येक पलटणीची ओळखधून वाजवायची, चार-पाच सुरांची. ती आपली असेल तर पुढचा हुकूम आपल्याला. नसेल तर जागचं हलायचं नाही. आमच्या धुनेवर शिपायांनी शब्द बसवले होते, "मेंढी कर्नलची पळाली!" कर्नलसाहेबांनाही ते ठाऊक होतं.

पुढे आम्ही क्रिमियात, रशियन किल्ल्यासमोरच्या चिखलात बसलो असताना फर्मान आलं. हलक्या पलटणी मोडल्या. सगळ्यांनी साधं पायदळ व्हायचं, नवा आकडा, पिवळी बटणं आणि नवी ओळखधून. म्हातारा शिपाई मारावाल पांढरी बटणं कापताना लहान मुलासारखा रडला. आणि ती त्यानं मोज्यात लपवली.

थंडीनं आणि हगवणीनं अर्धी पलटण आधीच खाल्ली होती. वसंतात नवी भरती आली. तिच्यात सिप्रियाँचा धाकटा भाऊ फुल्क्राँ होता. पिशवीभर सुके चेस्टनट घेऊन आला आणि दादाच्या गळ्यातच पडला.

"दादा, आईनं निरोप दिलाय. म्हणाली, दोघं या. एकटा आलास तर दार उघडायची नाही."

"अजून तशीच आहे म्हणायची!" सिप्रियाँ हसला. पण त्या दिवसापासून त्याची नजर सतत भावावर असे.

नव्या पोरांना जुनी धून माहीत नव्हती. यावरूनच जुन्यांना एक खोडी सुचली. जेवणाची वेळ झाली की मारावाल तंबाखूची चिमूट पुढे करायचा.

"सिप्रियाँ, मेंढी पळव की रे एकदा!"

सिप्रियाँ जुनी धून वाजवायचा. जुने सगळे हंड्याकडे धावत. नवे बसून राहत, त्यांना वाटे हा पुकारा शेजारच्या पलटणीचा. ते येईपर्यंत मांस संपलेलं आणि तळाशी गढूळ पाणी. फुल्क्राँला एकदोनदा दादानं वाटी राखून ठेवली, पण धुनेचं गुपित त्यालाही सांगितलं नाही आणि खोड काही मोडली नाही. नव्यांनी मग आपल्या धुनेवर शब्द बसवले, "बटण पिवळं, पोट रिकामं!"

बिगुलवाल्यांचा नाईक लुबेर एकदा भडकला. "ही थट्टा तुमच्या अंगाशी येईल, रुकेत! ओठांना सवय लागते."

"सूप आहे साहेब, लढाई नाही," मारावाल म्हणाला. सगळे खो खो हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. ती जुनी धून माझ्या नळीतून आपसूक वाहायची.

जूनमध्ये एका सकाळी आम्ही किल्ल्याच्या बुरुजावर चाल करून गेलो. तोफांनी पहिल्या रांगेतली माणसं कमरेतून तोडली. नवे चपळ, ते पुढे जाऊन बुरुजाखालच्या खंदकात उतरले. त्यांच्यात फुल्क्राँ होता. शिड्या आखूड पडल्या. वरून दगड येत होते, हातबॉम्ब येत होते. जो भिंतीला हात लावी, त्याच्या बोटांवर कुऱ्हाड पडे. मारावालच्या जबड्यातून गोळी गेली आणि तो सिप्रियाँच्या अंगावर कोसळला.

कप्तान ओरडला, "माघार! वाजव माघार!"

सिप्रियाँचं तोंड मारावालच्या रक्तानं माखलं होतं. त्यानं मला ओठांना लावलं आणि जोरात फुंकलं. मेंढी कर्नलची पळाली. मग माघार.

जुने सगळे धावत मागे आले. खंदकातून एकही आला नाही.

आपण जुनी धून वाजवली हे सिप्रियाँला कळायला क्षण लागला. तेवढ्यात मागे पळणाऱ्या लोंढ्यानं त्याला ओढत नेलं. तो वळला, नवी धून फुंकू लागला, पण तोफांपुढे ती खंदकापर्यंत पोचली नाही. रशियनांनी वरून खंदक भाजून काढला. आम्ही ते सगळं ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी प्रेतं उचलायला युद्धबंदीचं पांढरं निशाण लागलं. फुल्क्राँ खंदकात तिघांच्या खाली सापडला. पोट फाटलेलं होतं, पण जीव होता. भावाला पाहून त्याचे डोळे उजळले.

"दादा, आम्ही जागा सोडली नाही. माघार वाजली, पण ती आपली नव्हती ना? दुसऱ्या पलटणीची होती."

सिप्रियाँनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "हो रे राजा. दुसऱ्या पलटणीची होती."

"मी पोरांना तेच सांगितलं. म्हटलं, दादा वाजवेल तेव्हाच निघायचं."

थोड्या वेळानं तो गेला. सिप्रियाँ उठला आणि मला खंदकाच्या दगडावर आपटत राहिला. शेवटी लुबेरनं त्याचे हात धरले. मी राग धरला नाही. मला तो मार हवा होता.

तो घरी एकटाच आला. आईनं दार उघडलं. दोन वाट्या मांडल्या होत्या, त्यातली एक उचलून ठेवली.

मित्रांनो, पांढऱ्या बटणांचा अभिमान धरा, मी नको म्हणणार नाही. पण नव्याला आपली धून शिकवल्याशिवाय त्याची थट्टा करू नका. आणि माझा हा पोचा कुणी ठोकून सरळ करू नका.

सिप्रियाँ आता म्हातारा झालाय. दर जूनमध्ये एका सकाळी तो मला खिळ्यावरून काढतो आणि नवी धून वाजवतो, एकही सूर न चुकता. बटण पिवळं, पोट रिकामं. मग माघार. मग खोल खंदकातून वर चढायला माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तो दारात उभा राहतो.