सगळे रिपोर्ट नॉर्मल

रत्नाकर कारखानीसांनी चौतीस वर्षं बंगळूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत धातूला तडे का जातात याचा शोध घेतला होता. त्यामुळे निवृत्तीनंतर आपलाच जीव कशात रमेना, तेव्हा त्यांनी त्याचीही रीतसर तपासणी आरंभली. बी-बारा झालं, थायरॉईड झालं, साखर झाली. सगळे रिपोर्ट नॉर्मल! याचाच त्यांना जास्त राग आला.

"बाबा, तुम्हाला माणसं हवीत," सून वेदिका म्हणाली.

"माणसं? जुन्या कॉलनीत माणसांचाच तर ताप होता! तो मंजुनाथ रोज माझ्या फाटकासमोर स्कूटर लावायचा. रोज सकाळी त्याच्याशी भांडा. इथे बघ, कुणाचा उपद्रव नाही."

ते मात्र खरं होतं. बेळ्ळंदूरच्या या टॉवरमध्ये, मुलाच्या, ईशानच्या, अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येऊन सात महिने झाले, पण उपद्रव औषधालासुद्धा मिळाला नव्हता. लिफ्टमधली माणसं हसत, पण मोबाइलकडे बघून. पत्नी अलकाताई पंधरा दिवसांत खालच्या बागेतल्या बायकांत मिसळून गेल्या. रत्नाकर त्याला वेळेचा अपव्यय म्हणत, आणि त्या परत कधी येतात म्हणून दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत.

जानेवारीत अलकाताई बहिणीकडे नाशिकला गेल्या. एका सकाळी मुलगा-सून ऑफिसला गेल्यावर रत्नाकर कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आले आणि वाऱ्याने दार धाडकन लागलं. चावी आत, फोन आत. बाहेर फक्त बनियन, लेंगा आणि त्यांतले रत्नाकर.

नाइलाजाने त्यांनी समोरच्या जाधवांची बेल वाजवली. साठीच्या एका बाईंनी दार उघडलं. रत्नाकरांनी इंग्रजीत प्रस्तावना सुरू केली.

"मराठीत बोला की हो अण्णा!" मालनबाई म्हणाल्या. "तुमच्या घरातलं भांडण येतं ऐकू. सगळं मराठीतच असतं."

"तुम्ही महाराष्ट्रातल्या?"

"छे! आमचं घराणं चारशे वर्षं इथलंच. तुम्ही कालचे. या, स्वल्प बसा."

त्यांनी नवऱ्याचा सदरा दिला, गेटवर फोन करून ईशानला निरोप धाडला. ईशानचं ऑफिस चार किलोमीटरवर, म्हणजे बंगळूरच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास नक्की. दिवाणखान्यात वर्तमानपत्रावर अवरेकाईच्या, म्हणजे पावट्यासारख्या शेंगांचा ढीग होता. मालनबाईंनी त्यातला अर्धा त्यांच्यापुढे लोटला.

रत्नाकर दाणे आकारानुसार लावू लागले.

"अण्णा, परीक्षा घेताय काय त्यांची? हात चालवा, हात!"

प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली माणसं होती; असं दटावणारं कुणी नव्हतं. ते निमूट सोलू लागले. तेवढ्यात मालनबाईंचे यजमान विश्वासराव फोनवर कन्नडमध्ये ओरडत आतून आले. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं लहानसं वर्कशॉप होतं.

"तिसऱ्यांदा तुटला शाफ्ट," ते फोन ठेवत म्हणाले. "पोलादच भिकार."

रत्नाकरांचे हात थांबले. "कुठे तुटतो?"

"दर वेळी त्याच जागी. व्यास बदलतो ना, तिथे."

"मग पोलादाला कशाला शिव्या देता? तुमचा कोपराच धारदार असणार. गोलाई द्या!"

"साहेब, बत्तीस वर्षं लेथ चालवतोय मी. पुस्तकातलं सांगू नका."

"पुस्तकातलं? अहो, तुटलेलेच तुकडे बघत जन्म गेला माझा!"

आवाज चढले. वर्तमानपत्राच्या समासात चित्रं निघाली, ती खोडली गेली. मालनबाई मधूनमधून दोघांनाही "सरी, सरी", म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत शेंगा पुढे ढकलत राहिल्या.

घामाघूम झालेला ईशान पोचला तेव्हा लिफ्टपाशीच त्याला वडिलांचा ओरडा ऐकू आला. तो धावतच आत शिरला. परक्या सदऱ्यातले बाबा, लालबुंद चेहरा, हातात शेंग.

"बाबा, चला. चावी आणलीय."

"ठेव तिथे. यांचं चुकतंय, तेवढं पटवून येतो."

ते पटवायला जेवणाची वेळ झाली. सारभात जेवूनही पटलं नाहीच. शेवटी उद्या सकाळी पीण्याला जाऊन तुटलेला शाफ्टच बघायचं ठरलं.

संध्याकाळी अलकाताईंचा फोन आला.

"आवाज का बसलाय? बरं नाही का?"

"भांडलो. समोरच्या जाधवांशी."

"अहो! सात महिन्यांत पहिल्यांदा बोललात, तेही भांडायलाच?"

"उद्या परत जायचंय," रत्नाकर उत्साहाने म्हणाले. "आणि ऐक, येताना चिवडा जरा जास्त आण. तिखट बघून घे. त्या माणसाला गोड बोलणं झेपत नाही."