शिंप्याचा पाय आणि बेचा पाढा

"मशीन चाललं, मशीन चाललं!" सगळी गल्ली आमच्या पुढच्या खोलीत कोंबली होती. माझा धाकटा भाऊ शिंपी. जिन्यावरून पडून मणका मोडला, तेव्हापासून त्याच्या कमरेखाली हालचाल नाही. आणि आज त्याचा उजवा पाय शिवणयंत्राचं पायडल चालवल्यासारखा टकटक नाचत होता.

पलंगाच्या पायथ्याशी उपचार करणारे एक बाबा बसले होते. मी त्यांना झटकेबाबा म्हणते. तळव्याला लावलेला हात तसाच दाबून धरत ते म्हणाले, "धंद्याची आठवण पायात उतरली. आता चालायचा अवकाश. पण हातांनी शक्ती खाल्ली तर पाय उपाशी राहतील. म्हणून व्यायाम बंद, चाकाच्या खुर्चीवरचा चेंडूचा खेळही बंदच ठेवा."

आई पदराने डोळे पुसत होती. रडू मलाही येत होतं, पण रागाचं. गेला महिनाभर बाबांचं ऐकून भावाचे दंड उतरले होते. पलंगावरून खुर्चीत तो आपला आपण जायचा, आता दोघांनी उचलावं लागे. पडून पडून पाठीला लाल चट्टा उठला होता. म्हणून मी त्याला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना बोलावलं.

"बाबा, मी करू का?" बाईंनी आल्या आल्या विचारलं.

"मंत्र येतो?"

"बेचा पाढा येतो."

बाईंनी डावा चवडा धरला आणि "बे एके बे" म्हणत झटक्यात वर दाबला. डावा पाय टकटक सुरू. मग गल्लीतली एक मावशी सरसावली, "मला तर पाढाही येत नाही बाई." तिच्या हातूनही मशीन चाललं. खोलीत हशा पिकला.

"माझीच शक्ती खोलीत भरली आहे," बाबा म्हणाले.

बाईंनी भावाच्या डोळ्यांवर अस्तराचं कापड बांधलं. "दादा, आता कुठला पाय नाचतोय?"

"उजवा. चांगला जोरात."

दोन्ही पाय निवांत पडले होते.

"पोटरी एकदम ताणली की ती उलट झटका देते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तो व्यवहार दुखापतीच्या खालीच उरकतो. मेंदूला पत्ताही नसतो. व्यायामाने पाय चालतील असं मी म्हणणार नाही. खांदे चालतील, श्वास चालेल, दुकान चालेल."

भावाने कापड सोडलं. निवांत पडलेले पाय पाहिले. मग म्हणाला, "ताई, माझा चेंडू कुठंय?"

मी चेंडू दिला, आणि त्याने फेकलेला चेंडू दाराकडे निघालेल्या बाबांच्या पाठीत बसला.

"माफ करा, नेम दाराचा होता. महिनाभर सराव नाही ना."

मंडळी, पाय हलला की आनंद जरूर करा, पण हलवला कुणी ते आधी विचारा. आणि जे हात चालताहेत ते कुणाच्या सांगण्यावरून थांबवू नका.