पाट्यावरचा बिनगुळाचा लाडू

मित्रांनो, मी पाटा. नाकाडोंगरीच्या तुलारामच्या अंगणातला, काळ्या दगडाचा. पाथरवटाच्या छिन्नीखाली मी पुष्कळ कुरकुरलो होतो. पण तुलारामच्या बायकोने, शकुनबाईने, पहिल्यांदा माझ्यावर जवसाची चटणी वाटली आणि तिच्या घरची माणसे बोटे चाटत उठली, तेव्हा मीही फुशारलो. पुढे ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास तुमसरहून मिक्सर आला. मी मोरीजवळ गेलो आणि माझ्यावर कपडे आपटले जाऊ लागले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

त्याच सुमारास तुलाराम आणि त्याचा थोरला भाऊ यादोराव वेगळे निघाले. अंगणात बांबूचे कुंपण आले. त्यात डॉक्टरांनी तुलारामची साखर आणि गूळ बंद केला. हा तर शेठलोकांचा रोग, शेतकऱ्याला झाला म्हणून गाव हसेल, या भीतीने त्याने तो बायकोशिवाय कुणालाच सांगितला नाही. संक्रांतीला थोरल्याने हातावर तिळगुळाचा लाडू ठेवला, तो धाकट्याने तोंडात न घालता खिशात टाकला. यादोरावाने ते पाहिले. वाटणीचा राग हा लाडवावर काढतो, असे समजून त्याने बोलणेच सोडले. वर्ष सरले, अबोला काही सरला नाही.

पुन्हा संक्रांत आली. नवऱ्याला खाता येईल असा लाडू करायचा आणि तोच थोरल्याच्या हाती द्यायचा, असे शकुनबाईने ठरवले. पण गुळाच्या पाकाशिवाय तीळ एकमेकांना धरणार कसे? मला भारी कुतूहल. आधी तिने वाळली मोहफुले भाजून तिळात कुटली. वासाने शेजारची लीलाबाई धावत आली आणि दारूची भट्टी लावली काय, असे हळूच विचारून गेली. लाडू झकास वळले. पण मोहही गोडच, चालायचा नाही, असे डॉक्टर म्हणाले. मग मिक्सर फिरला. नुसता कोरडा भुगा.

शेवटी तिची नजर माझ्याकडे वळली. तिने मला घासले, उन्हात वाळवले. गरम तीळ, थोडे शेंगदाणे, वेलची. वरवंटा फिरत राहिला आणि हळूहळू तिळाला तेल सुटले. तिने मूठ दाबली, लाडू वळला. गोड मुळीच नव्हता, पण लाडू होता.

तुलारामने तो लाडू घेऊन कुंपणावरून थोरल्यापुढे हात केला. सणाचा तीळ नाकारायचा कसा? यादोरावाने घास घेतला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

“याच्यात गूळ कुठी हाय?”

“मले साखरेची बिमारी हाय, दादा. गूळ चालत नाई.”

“मंग मागच्या साली सांगतलास काहून नाई?”

“लाज वाटली.”

 यादोरावाने उरलेला लाडू कणही न सांडता खाल्ला. “तू बिमार होतास,” तो म्हणाला, “अन् मी सालभर रुसून राहिलो.” त्याचे डोळे भरून आले होते.

थोड्या वेळाने त्याची बायको चंद्रकला सुपात तीळ घेऊन आली आणि माझ्यापुढे बसली. थोरल्या घरचे लाडूही यंदा बिनगुळाचे होणार होते.

मित्रांनो, मला अडगळीत टाकलेत तरी मी रुसणार नाही. पण घरात कुणी गोडाचा घास बाजूला सारला, तर रागावण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि काय होते आहे ते विचारा.