झग्याचा खिसा

रंगारणीला मिळालेली भिंत चांगली तीन मजली होती. गोम एकच. भिंतीच्या मधोमध एक खिडकी होती, आणि ती दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त पोस्टमनच्या न्हाणीघराची होती.

आजवर तिने दुकानांच्या पाट्याच रंगवल्या होत्या. 'येथे चाव्या बनवून मिळतील.' 'न दुखवता दात काढले जातील.' गिऱ्हाईक म्हणेल ते ऱ्हस्व, गिऱ्हाईक म्हणेल ते दीर्घ. पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी तिला कलाकार म्हटलं, तेही लेखी. शहराच्या सुशोभन समितीने ठराव केला होता : आपल्या भागातल्या बायकांचा जुना पोशाख, पण आजच्या ढंगात.

"परंपरा दिसली पाहिजे," अध्यक्षांनी बजावलं होतं, "पण बाई जुनाट दिसता कामा नये."

मग तिने कागदावर एक ठसठशीत बाई काढली. पायघोळ, चुण्याचुण्यांचा झगा, वर आखूड बंडी, डोक्याला घट्ट रुमाल. पायात जांभळे बूट, डोळ्यांवर केशरी गॉगल, आणि झग्याची प्रत्येक चुणी म्हणजे भडक रंगाचा एकेक पट्टा. समिती खूश झाली. खिडकी कागदावर नव्हतीच, त्यामुळे ती कुणाच्या लक्षात आली नाही. रंगारणीच्यासुद्धा.

तिसऱ्या दिवशी ती परांचीवर चढून खडूने बाईची बाह्यरेषा आखत होती, तेवढ्यात खिडकी उघडली आणि गालांना साबण फासलेले पोस्टमन बाहेर डोकावले.

"बाई, मी आत्ता नक्की कुठे आहे?"

रंगारणीने कागद पाहिला, मग भिंत पाहिली.

"काका, खरं सांगू?"

"सांगा. चाळीस वर्षं लोकांना वाईट बातम्या पोचवल्यात मी."

"बेंबीच्या... जरा खाली."

पोस्टमननी गालावरचा साबण पुसला. मग म्हणाले, "माझं वय बहात्तर. रोज सकाळी मी तिथून तोंड बाहेर काढणार नाही. लोक काय म्हणतील?" आणि खिडकी धाडकन बंद झाली.

रंगारणीने दुपारभर बाईला इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. वर घेतली तर खिडकी मांड्यांत, खाली घेतली तर छातीवर. पाठमोरी केली तर प्रकरण आणखीच चिघळलं.

संध्याकाळी ती तोंड पाडून घरी आली. घरात तिची मावशी होती, जिने तिला लहानाचं मोठं केलं होतं. मावशीने हाच झगा चाळीस वर्षं रोज घातला होता. रंगारणीने चित्र काढलं ते तिच्याच ट्रंकेतल्या झग्यावरून. सगळी कथा ऐकून मावशी इतकी हसली की कवळी काढून हातात घ्यावी लागली.

"अगं मग खिसा कर ना त्याचा!"

"कसला खिसा?"

"घ्या! झगा काढलास आणि खिसा दिसला नाही?" मावशीने ट्रंक उघडली, गाऊनवरच झगा चढवला आणि उजव्या बाजूच्या चुण्यांत हात घातला. हात कोपरापर्यंत गडप झाला. "माझ्या आईच्या झग्याला होता, तिच्या आईच्याही. नवऱ्याला कळू नये ते सगळं इथे."

खिशातून अर्धा कंगवा निघाला, चिकट झालेली एक गोळी निघाली आणि एका मिशाळ माणसाचा फोटो.

"हा कोण?"

"माझा नवरा नव्हे, एवढं लक्षात ठेव," म्हणत मावशीने फोटो परत आत सारला.

दुसऱ्या दिवशी रंगारणीने बाईला हातभर बाजूला घेतलं. खिडकी आता उजव्या चुण्यांत आली. तिच्याभोवती तिने लालभडक अस्तर उलगडलं आणि चौकटीवर बाईची पाच बोटं टेकवली. जणू बाई आता खिशातून काहीतरी काढणार होती. पोस्टमननी दोनदा आतबाहेर करून पाहिलं आणि मान डोलावली. "खिसा चालेल. अब्रूची जागा आहे."

अध्यक्ष मात्र पाहणीला आले आणि तडकले.

"हे काय? आपल्या पोशाखाला खिसा नाही! संग्रहालयातला झगा मी स्वतः बघितलाय."

"काचेबाहेरून बघितला असेल," खाली स्टुलावर बसलेली मावशी म्हणाली. ती मुद्दाम झगा घालून आली होती.

"आजी, यावर संशोधन झालंय."

"कुणी केलं? ज्यांनी कधी घातला नाही त्यांनी?" मावशी उठली आणि कंबर पुढे केली. "हा घ्या, घाला हात. लाजू नका."

जमलेले लोक खिदळले. अध्यक्षांचे कान बाईच्या गॉगलसारखे केशरी झाले. "रविवारी उद्घाटन आहे," ते रंगारणीवर घसरले, "तोवर हा खिसा पुसून टाका."

 परांचीचा बांबू धरून रंगारीण म्हणाली, "खिसा राहील. नको असेल तर अख्खी भिंत पांढरी करून देते. बाईसकट."

अध्यक्षांनी भिंतीकडे पाहिलं. निमंत्रणं केव्हाच वाटून झाली होती. "बघू," म्हणत ते गाडीत बसले.

रविवारी सकाळी शे-दीडशे माणसं जमली. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. "आपल्या परंपरेच्या पोटात काय काय दडलंय," त्यांनी हात उंचावला, "हे आज जगाला दिसेल!" आणि नेमकी त्याच क्षणी खिडकी उघडली. बनियन घातलेले, तोंडात ब्रश धरलेले पोस्टमन बाईच्या खिशातून अर्धे बाहेर आले. एवढी गर्दी बघून ते गांगरले आणि जुन्या सवयीने त्यांनी सलाम ठोकला.

"काका, माझं पत्र आलंय का?" मागून कुणीतरी ओरडलं.

हशा असा उसळला की माईक शिट्ट्या मारायला लागला. लोक टाळ्या वाजवत होते, फोटो काढत होते, पोस्टमननाही आता हुरूप आला होता. अध्यक्षांनी वारा कुठला ते ओळखलं आणि माईक पुन्हा तोंडाशी धरला. "खिशाची ही कल्पना मुळात समितीचीच!"

रंगारीण उसळून पुढे झाली. मावशीने तिला चिमटा काढला. "म्हणू दे. आता तो पुसणार तरी नाही."

कार्यक्रम आटोपल्यावर अध्यक्षांची बायको मावशीजवळ येऊन घुटमळली. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाली, "मला एक असा शिवून द्याल?"

"कापड आण. खिसा केवढा हवा?"

नवरा त्या वेळी बाईच्या जांभळ्या बुटाशी फोटोसाठी पोट आत ओढून उभा होता. बायकोने त्याच्याकडे एकदा पाहून घेतलं.

"मोबाइल मावेल एवढा," ती म्हणाली, आणि मग आवाज आणखी खाली आणून, "दोन मोबाइल."

"शाब्बास!" म्हणत मावशीने तिथल्या तिथे वितीने तिच्या कमरेचं माप घ्यायला सुरुवात केली.