राजाच्या नाकावरून कात्री

माझा भाऊ नेव्हिल खोटं बोलायचं असलं की चहात साखर जास्त घालतो. त्या शनिवारी क्लबच्या खोलीत त्याने तीन चमचे घातले आणि रुमालाची घडी माझ्यापुढे उलगडली. आत चांदीच्या पेनीचा अर्धा तुकडा होता. मिसेस पॉकलिंग्टनच्या शेताच्या उतारावर सापडला, जुन्या लोकांनीच कापलेला आहे, नोंद करून टाक, असं तो एका दमात म्हणाला.

जमिनीतला धातू शोधणारा डिटेक्टर घेऊन शेतं तुडवणाऱ्या आमच्यासारख्यांना असे तुकडे मिळतात. सात-आठशे वर्षांपूर्वी सुटे पैसे नव्हते. पेनीच्या मागच्या बाजूला क्रूस असायचा, त्याच्या रेषेवर कापून लोक अर्धी आणि पाव पेनी करायचे. त्यांची ओळख पटवणं आणि वजन करणं क्लबात माझ्याकडे आहे. आणि तो उतार म्हणजे माझा जीव. माझा नवरा आर्थर गेला तेव्हा मी अंथरूण सोडत नव्हते, मला त्या उताराने उठवलं. मिसेस पॉकलिंग्टन कुणाला शेताच्या फाटकाशी उभं करत नाहीत. मी शब्द दिला म्हणून त्या तयार झाल्या: जे निघेल ते आधी त्यांना दाखवायचं, आणि अर्धा वाटा त्यांचा. नेव्हिल आणि त्याचा जोडीदार क्लिफर्ड माझ्याच शब्दावर आत आले होते.

काट्याने पाऊण ग्रॅमला जरा कमी दाखवलं. अर्ध्या पेनीला शोभेल असंच. नेव्हिलने सुस्कारा सोडला, तेव्हाच मला शंका आली. भिंग घेतलं. नाण्याचं अंग मातीत राहून काळवंडलेलं, पण कापलेली कड नव्या चमच्यासारखी चकचकीत. उलटून पाहिलं तर क्रूस एकीकडे आणि कात्री भलतीकडेच. ज्याने नाणं पाडलं त्या कारागिराचं नाव मधोमध चिरलेलं. पुन्हा सुलटं केलं. कात्री बरोबर राजाच्या नाकावरून गेली होती.

"कशाने कापलंस?" मी विचारलं.

"मी कशाला कापू? त्या काळातल्या लोकांनी..."

"त्या काळातल्या माणसाला सुटे हवे होते. तो क्रूस बघून कापायचा. राजाचं थोबाड वाटून घ्यायची हौस तुम्हा दोघांनाच."

मग सगळं बाहेर आलं. आवाज नेव्हिलच्या मशीनने दिला होता, खणलं क्लिफर्डने. इतकी वर्षं दोघांचं ठरलेलं, सगळं अर्धं-अर्धं. पण अख्खी पेनी पहिल्यांदाच निघाली, आणि ती एका रात्रीपुरतीही दुसऱ्याच्या घरी जाऊ द्यायची दोघांची तयारी नव्हती. शेवटी क्लिफर्डने गाडीतून पत्रा कापायची कात्री काढली. चेहरा कुणाला जास्त जाऊ नये म्हणून नाकाची रेघ धरायची, ही अक्कल माझ्या भावाची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांत ज्या नाण्याला नांगराचा फाळ लागला नाही, त्याची या दोन गाढवांनी गाडीच्या बॉनेटवर वाट लावली.

क्लिफर्डला फोन करून त्याचा तुकडा मागवला, तोही तोलला. मग दोघांना गाडीत घातलं आणि सरळ मिसेस पॉकलिंग्टनकडे गेले. लपवलं असतं तर कदाचित उतार वाचला असता. पण शब्द माझा होता.

बाई अंगणात बुटांचा चिखल खरवडत होत्या. दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन त्यांनी जुळवून पाहिले. क्लिफर्ड शहाण्यासारखा समजावू लागला, की वाटणी अगदी न्यायाने झाली आहे, कुणावर अन्याय नाही. त्यांनी त्याला पुरतं बोलू दिलं.

"एक अर्धा याचा, एक अर्धा त्याचा," त्या म्हणाल्या. "मग माझा अर्धा कुठला?"

देवाशपथ सांगते, या दोघांनी बाईंना मुद्दाम लुबाडलंही नव्हतं. त्या आहेत हेच दोघांच्या डोक्यात आलं नव्हतं. मला त्याचीच जास्त लाज वाटली.

मिसेस पॉकलिंग्टननी तुकडे खिशात टाकले. "या दोघांनी पुन्हा इकडे फिरकायचं नाही. आणि थेल्मा, तूसुद्धा. मी तुझ्या भरवशावर फाटक उघडलं होतं."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

परत येताना उतार डाव्या हाताला दिसत होता. मी तिकडे पाहिलं नाही. येत्या रविवारी कुठे जायचं, त्याच्या पुढच्या रविवारी कुठे जायचं, काही सुचत नव्हतं, आणि रडू आलं तर या दोघांसमोर येऊ नये म्हणून स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. तेवढ्यात नेव्हिल खाकरला.

"थेल्मा, एक सांगशील? जड कुणाचा भरला?"

मागून क्लिफर्डही पुढे वाकला.

मी गाडी कडेला घेतली आणि दोघांनाही खाली उतरवलं. गाव तिथून चार मैल लांब होतं, आणि ते वजन मी दोघांनाही मरेपर्यंत सांगणार नाही.